अकराव्या रकान्यातलं ‘नाही’

ठवकर सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. मॅनेजरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “प्रज्ञा, दोन मिनिटं तू बोल. तू त्यांच्या हाताखाली तयार झालीस.” माझं नाव पुकारलं तेव्हा मी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. घसा बसलाय असं सगळ्यांना वाटलं. घसा ठणठणीत होता. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून तुमचा फोटो ठेवला होता आणि स्टोअरचे, ड्रॉइंगचे, असेंब्लीचे लोक एकामागून एक उठून तुम्हाला सरळ, निर्मळ, परखड म्हणत होते. ‘परखड’ आला तेव्हा मी उठले आणि बाहेरच्या नळावर जाऊन पाणी प्यायले.

तिथं बोलले असते तर सभा मोडली असती. म्हणून इथं बोलते. इथं तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही.

आधी जे तुमचं देणं लागते ते सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. मी तुमच्याकडे आले तेव्हा मॅन्युअल म्हणजे काय तेच मला ठाऊक नव्हतं. बी.एस्सी. झाले होते, इंग्रजी बरं होतं, आणि कंपनीला कंत्राटावर टेक्निकल रायटर हवे होते. यंत्र कसं उघडायचं, कसं जोडायचं, तेल कधी बदलायचं, हे मेकॅनिकला कळेल असं लिहिणारी माणसं. पहिल्या आठवड्यात मी पाण्याच्या पंपावर चार पानं लिहून आणली. तुम्ही ती वाचलीच नाहीत. मला शेडमध्ये नेलंत, पंप खोलत बसलेल्या मिस्त्रीच्या हातात पानं दिलीत आणि म्हणालात, “हे वाच अन् तसंच कर.”

तिसऱ्या ओळीला मिस्त्री थांबला. “मॅडम, तुम्ही दोन कामं एकदम सांगून राहिल्या. मले दोनच हात आहेत.”

तुम्ही पोट धरून हसलात. मला रडू यायच्या बेतात होतं. “पाह्य वं,” तुम्ही म्हणालात, “ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यासाठी लिव. खुर्चीत बसणाऱ्यासाठी नको लिवू. एका वाक्यात एकच काम. अन् धोका असन त कामाच्या आधी सांग. बोट कापल्यावर सांगून काय फायदा?”

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते. हे मी नाकारत नाही. नाकारायचं काम तुमचं.

दर वर्षी कुहीच्या तुमच्या शेतातला नवा तांदूळ तुम्ही आमच्या घरी पोचवायचात. आमच्या हुडकेश्वरच्या घराला तेव्हा कंपाउंडही नव्हतं. गाडीवरून पोतं उतरवून तुम्ही बाबांशी अंगणात तासभर बोलत बसायचात. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. तुम्ही गेल्यावर म्हणायचे, “असा साहेब सगळ्यायले भेटो.”

मग कंपनीला ते दुसरं काम मिळालं. सैन्याच्या गाड्यांची मॅन्युअलं. पलीकडच्या इमारतीत बसून लिहायचं, फोन बाहेर ठेवायचा, कागद घरी न्यायचा नाही. आणि त्या इमारतीत पाऊल टाकायचं तर क्लिअरन्स हवा, म्हणजे सुरक्षा विभागाची मंजुरी. कायमच्या नोकरांचे क्लिअरन्स आधीपासून होते. कंत्राटी माणसांना नवीन फॉर्म भरायचे होते, पोलिसांकडून पडताळणी व्हायची होती. ज्याला क्लिअरन्स मिळेल त्याचं कंत्राट पुढे चालू, नाही मिळणार त्याचं संपलं. पहिलं नाव तुम्ही माझं दिलंत.

तो फॉर्म मी जेवणाच्या सुट्टीत तुमच्याच टेबलावर बसून भरत होते. अकरावा रकाना होता: तुमच्यावर कधी कोणताही गुन्हा नोंदवला गेला आहे काय? असल्यास तपशील द्यावा. मी आधी पेन्सिलीनं पाच ओळी लिहिल्या होत्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वसतिगृहात पाणी येईना, म्हणून आम्ही चाळीसेक मुली रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्यावर बसलो. रस्ता अडवला म्हणून ठाण्यात नावं लिहून घेतली, संध्याकाळी सोडलं. पुढे तो खटला सरकारनं मागे घेतला. एवढंच.

तुम्ही खांद्यावरून वाचलंत. “हे काय लिवलं वं?”

“जे झालं ते, सर.”

“केस मागं घेतली ना?”

“हो.”

“मंग? जे राह्यलंच नाही ते कायले लिवते?”

“पण ‘कधी’ असं विचारलं आहे ना सर.”

“तू लय वाचते,” तुम्ही हसलात. मग आवाज खाली आला. “राग नको येऊ देऊ. मेश्राम आडनाव, अन् त्याच्यासमोर ‘हो’. पुढच्या पाच ओळी कोणी वाचत नाही. हे लोक कसे वाचतात ते मले माहीत आहे.”

“आडनावाचा काय संबंध?”

“नसाले पाहिजे. पण आहे.”

आणि तुम्ही तुमच्या हातानं, तुमच्या खोडरबरानं, माझ्या पाचही ओळी खोडल्यात. चुरा फुंकून उडवलात. “पेनानं लिव. नाही.”

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं हे मला मान्य आहे. सव्वीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. पण आडनावाबद्दलचं ते वाक्य मी आजवर शंभरदा उलटून पाहिलंय. ते माझ्या काळजीपोटी होतं की तुमच्याच मनात खोल काही होतं, ते मला ठरवता आलेलं नाही. तुमच्याशी त्यावर नीट भांडायचं होतं. ते भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

पडताळणीला हवालदार घरी आला तेव्हा मी कंपनीत होते. बाबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं सहज विचारलं, पोरीचं कधी काही? आणि बाबांनी आयुष्यभर दिली तशी सरळ उत्तरं दिली. “हो, कॉलेजात एकडाव नेलं होतं ठाण्यात. पाण्यासाठी बसल्या होत्या पोरी. सोडलं मंग.”

चार महिन्यांनी पत्र आलं. क्लिअरन्स नाकारला होता. गुन्ह्याचं कारण दिलंच नव्हतं. कारण होतं, माहिती दडवली. म्हणजे पाच ओळी राहू दिल्या असत्या तर बहुधा काही झालं नसतं. तुम्ही खोडलंत तेच नडलं.

सिक्युरिटी ऑफिसरच्या खोलीत आपल्याला दोघांना बोलावलं होतं. तुम्हाला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देते. फौजेतून निवृत्त झालेला तो माणूस, आवाज चढवत नाही. माझा फॉर्म समोर ठेवून म्हणाला, “मॅडम, यह आपने किसके कहने पर लिखा?”

मी तुमच्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं होतं की तुम्ही बोलाल. मी विचारणार, तुम्ही सांगणार, असं नव्हे. तुम्ही आपणहून म्हणाल, साहेब, पोरीनं खरं लिहिलं होतं, मीच खोडलं. मी बरीच वाट पाहिली. मग मीच म्हणाले, “ठवकर सरांनी सांगितलं होतं.”

“नहीं साहब,” तुम्ही म्हणालात. “मैंने ऐसा कुछ नहीं कहा. फॉर्म हर कोई अपनी जिम्मेदारी पर भरता है. इन मॅडम को मैं ऐसा क्यों कहूँगा?”

इन मॅडम को. तीन वर्षं तुम्ही मला ‘वं’शिवाय हाक मारली नव्हती. त्या खोलीत मी एका क्षणात मॅडम झाले.

नंतर मला कळलं की अठ्ठावन्नला निवृत्त झाल्यावर तुम्हीही कंत्राटावरच होतात, आणि त्याच महिन्यात तुमच्याही प्रवेशपासाचं नूतनीकरण त्याच माणसाच्या टेबलावर होतं. लोक मला हे अशा आवाजात सांगतात की जणू आता मी समजून घ्यायला हवं. मला समजलं. समजल्यानं काही कमी झालं नाही. धोका असेल तर आधी सांगायचा असतो ना? मग मला का नाही सांगितलात की वेळ आली तर तुम्ही हात झटकाल? मी पेन्सिलीवरच थांबले असते.

त्या दिवशी माझा पास जमा करून घेतला. विभागप्रमुखाची सही लागते म्हणून गार्ड कागद घेऊन वर गेला आणि सही घेऊन खाली आला. तुमची नेहमीची सही, खाली दोन टिंबं. 

घरी मी बाबांना एवढंच सांगितलं की जुन्या केसमुळे नाकारलं.  बाबांनी विचारलं, “म्या सांगतलं म्हणून झालं काय वं हे?” मी ‘नाही’ म्हटलं. पण कसं नाही, ते सांगितलं नाही. सांगायचं तर मी खोटं लिहिलं होतं हे सांगावं लागलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस ते मधूनच म्हणायचे, “पोलिसाले खरं सांगाचं नव्हतं काय?” हुडकेश्वरच्या गल्लीत लोक विचारत, पोलिस काहून आले होते तुमच्याकडे? बाबा संध्याकाळचं फिरायला जाणं सोडून घरातच बसू लागले. एका सरळ माणसाला तुम्ही खरं बोलण्याची भीती घातलीत, सर. हे तुमच्या शोकसभेत कुणाला माहीत नव्हतं.

त्या वर्षीही तांदूळ आला. तुम्ही स्वतः आला नाहीत, पोतं कुणाच्या तरी गाडीवर पाठवलंत. मी परत पाठवायला निघाले तर बाबा आडवे आले. “अन्नावर राग काढू नको.” त्या हिवाळ्यात घरात सगळ्यांनी भात खाल्ला, मी पोळ्याच खाल्ल्या. आई वैतागून म्हणायची, एकटीसाठी किती लाटू?

पुढची दोन वर्षं मी घरी बसून मिक्सर आणि कूलरची मॅन्युअलं लिहिली. तुमचा एकदाही फोन आला नाही. मग एके दिवशी मॅनेजरांचा आला. नियम बदललाय, पूर्ण माहिती देऊन पुन्हा अर्ज करता येतो, माणसांची गरज आहे. “आणि ठवकर सर आजारी आहेत,” ते म्हणाले. “त्यांनीच तुझं नाव सांगितलं. म्हणाले, माझ्या खुर्चीत तीच बसू शकते.”

मी फोन ठेवला आणि भिंतीवर हात आपटला. एका हातानं काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं द्यायचं, आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर यायचं नाही. पण अर्ज केला. मला ते काम हवं होतं. मिक्सरच्या झाकणावर लिहून कुणाचं पोट भरतं, मन नाही भरत.

या वेळी अकराव्या रकान्यात मी सगळं लिहिलं. खटला मागे घेतल्याचा कोर्टाचा कागद जोडला. तोच ऑफिसर, तीच खोली. त्यानं कागद पाहिले आणि म्हणाला, यात काही अडचण नाही. पण जुन्या फाइलीत एक नोंद आहे. उमेदवाराने वरिष्ठावर आरोप केला, वरिष्ठाने नाकारला. “इसका क्या करें? आप अभी भी वही कहती हैं तो फिर से इन्क्वायरी होगी. ठवकर साहब को बुलाना पड़ेगा. सुना है डायलिसिस पर हैं.” त्यानं एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “या फिर दो लाइन लिख दीजिए कि उस वक्त घबराहट में बोल दिया था. फाइल बंद.”

मी दोन ओळी लिहिल्या. ठवकर सरांविषयी मी केलेलं विधान खरं नव्हतं. खाली सही, तारीख.

हे मी तुमच्यासाठी केलं की कामासाठी, ते मला विचारू नका. रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलातून तुम्हाला चाकाच्या खुर्चीवर बसवून आणतील आणि तुम्ही पुन्हा ‘इन मॅडम को’ म्हणाल, हे मला पाहवणार नव्हतं, एवढं खरं. आणि मला पास हवा होता, हेही तेवढंच खरं. दीड महिन्यात क्लिअरन्स आला. पहिल्यांदा तुमच्या सांगण्यावरून खोटं लिहिलं तर पकडले गेले. दुसऱ्यांदा तुम्हाला वाचवायला खोटं लिहिलं तर पास मिळाला.

मग मी तुम्हाला भेटायला आले. पेरू घेऊन आले होते, ते तुम्हाला चालत नाहीत हे तिथं आल्यावर कळलं. काकू औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो. तुमचा चेहरा सुजलेला होता, पण डोळे तसेच. मी फार साधं मागितलं होतं.

“सर, इथं कोणी नाही. एकदा म्हणा, तुम्हीच सांगितलं होतं म्हणून.”

“काय म्हणू वं?”

“तुम्हाला माहीत आहे काय ते.”

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता बोलाल. तेवढ्यात दार उघडून काकू आल्या आणि तुम्ही एकदम डोळे उघडून त्यांना म्हणालात, “हे प्रज्ञा. म्या पाह्यलेल्यात सगळ्यात चोख लिवणारी पोरगी.”

चोख! मी मागितलं एक आणि तुम्ही दिलंत भलतंच, तेही साक्षीदार आल्यावर. त्या दोन ओळींबद्दल मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. माझ्या हातानं तुम्हाला निर्दोष करून मी तिथं आले होते, हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्हाला कसली का असेना, भीती राहू दे, असं मनात होतं. जिना उतरताना मी ठरवलं, पुढच्या वेळी सांगेन. तोंडावर सांगेन आणि तुमचा चेहरा पाहीन. नवव्या दिवशी मॅनेजरांचा मेसेज आला.

मी रडले, सर. खूप रडले, आणि रडताना तुम्हाला शिव्या दिल्या. माझं बोलणं खरं होतं हे जाणणारा एकच माणूस होता, तोही गेला. आता जगात ते खोटं होतं, आणि तसं लिहून माझीच सही होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, त्या हाकलून देतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“मले माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “यायनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं. म्हणे, पोरीची मान कापून आलो.”

 म्हणजे घरी येऊन सांगायला तोंड होतं तुम्हाला.

“म्या म्हटलं, जा अन् सांगा साहेबाले. तर म्हणे, उद्या जातो. रोज उद्या जातो.” मग काकूंनी सूप बाजूला ठेवलं. “तू काय करणार आता?”

“ते दोन ओळींचं पत्र मागे घ्यायचं आहे मला.”

 “लिव,” काकू म्हणाल्या. “पण त्यायले भित्रे म्हण वं. लबाड नको म्हणू.”

काल सकाळी मी सिक्युरिटी ऑफिसमध्ये पत्र दिलं. एका वाक्यात एक गोष्ट, अशी सहा वाक्यं. पेन्सिलीच्या ओळी, खोडरबर, तुमचं सांगणं, तुमचं नाकारणं, माझं दोन ओळींचं पत्र, आणि ते खोटं होतं. भित्रा लिहिलं नाही, लबाडही लिहिलं नाही.

ऑफिसरनं दोनदा वाचलं. चष्मा काढला. “मॅडम, वो तो गुजर गए. अब इससे किसका फायदा?”

“वो गुजर गए साहब,” मी म्हणाले. “मैं तो हूँ.”

त्यानं आवक शिक्का मारला. म्हणाला, क्लिअरन्सचा पुन्हा विचार होईल, तोवर पास जमा करा. मी पास गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. आता काय होईल मला माहीत नाही. तुमची खुर्ची सध्या रिकामी आहे. आणि हो, आता तुम्हाला नाकारता येणार नाही, याचा मला थोडा आनंद झाला. तो लपवत नाही.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अकरावा रकाना, ‘नाही’, तुम्ही, मी. म्हटलं, बाबा, तुम्ही हवालदाराला खरं सांगितलंत म्हणून काही झालं नव्हतं. मी खोटं लिहिलं म्हणून झालं.

बाबांनी पेपरची घडी केली. पुन्हा उघडली, पुन्हा केली. त्यांना राग आलेला मी फारसा पाहिलेला नाही. तुमचा राग ते करतील असं मला वाटलं होतं. तुमचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

“इतके वर्षं,” ते म्हणाले, “मले वाटत राह्यलं माह्याच तोंडानं झालं. तुले दिसत होतं ना? मंग काहून नाही सांगतलं वं?”

सर, मी खाली बसूनच राहिले.